स्टँडवरची सायकल

सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या तात्यांनी पस्तीस वर्षं सायकल मारली, पण ती कधी जागची हलली नाही. ती बेकरीसमोर स्टँडवर उभी असायची. पेडल मारलं की चाक फिरायचं आणि चाकाला पट्ट्याने जोडलेला दगड फिरायचा. बायको म्हणायची, "एवढ्यात माणूस समुद्र गाठून आला असता. तुम्ही आपले बेकरीसमोरच."

साठी ओलांडल्यावर हा टोमणा एकदाचा जिव्हारी लागला. तात्यांनी दगड उतरवला आणि शेतांमधून जाणाऱ्या साठ किलोमीटरच्या सायकलफेरीत नाव दिलं.

शिट्टी वाजली, दीडशे सायकली निघाल्या. तात्या मात्र सवयीने स्टँड न काढताच जोरजोरात पेडल मारत राहिले. लोक पोट धरून हसले. "आजोबा, इथेच पोचायचंय का?" एक हेल्मेटवाला म्हणाला.

तात्यांनी उतरून स्टँड काढला.

चाळीस किलोमीटरनंतर मक्याच्या शेतांत समोरचा वारा सुटला आणि भल्याभल्यांनी हात टेकले. कोणी बांधावर बसकण मारली, कोणी सायकल ढकलत चालू लागलं. तात्या त्याच एका लयीत एकेकाला मागे टाकत गेले.

"आजोबा, पाय भरून येत नाहीत?" हेल्मेटवाल्याने धापा टाकत विचारलं.

"आज हलकं जातंय," तात्या म्हणाले. "एरवी दगडावर सुरी दाबून धरावी लागते."

पहिल्या दहांत पोचल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"कुठे आहात तुम्ही?" बायकोने विचारलं.

पस्तीस वर्षांत तिला हे पहिल्यांदाच विचारावं लागलं होतं.