खोडलेले सहा प्रश्न

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही बसत नाही. बोईसरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. घरी सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मी पेपर तपासायला दुसऱ्या खोलीत जाते. तरी हे लिहितेय, कारण तीन महिने डोक्याचा नुसता भुगा झालाय.

माझी पीएच.डी. केळव्याच्या पानमळ्यांत राबणाऱ्या बायकांवर आहे... सहा वर्षं रखडलेली. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. तीन महिन्यांपूर्वी अशी वेळ आली की महिनाअखेर मुलाखती दाखवल्या नाहीत तर नोंदणी रद्द! आणि आमच्या गाइड मॅडमना मुलाखतीची पद्धतच पसंत पडेना. मोकळ्या मुलाखती सुचवल्या तर म्हणे, त्या गप्पा होतात. गटचर्चा सुचवली तर म्हणे, एकटीच बोलते नि बाकीच्या माना डोलावतात. शेवटी ठरली छापील प्रश्नावली. चाळीस प्रश्न, पुढे चौकोन, टिक करा आणि मोकळे व्हा.

पहिल्या मुलाखतीला निघायच्या सकाळी चिडून मी प्रश्नावलीखाली माझे सहा मोकळे प्रश्न टाइप केले आणि प्रिंट काढण्याआधी खोडूनही टाकले. मॅडमनी ते काढायला लावलेच असते. सहावा तर संशोधनाचा नव्हताच. ‘नकोसं झालं तेव्हा सोडून का नाही दिलंत?’ हा मी खरं तर स्वतःलाच विचारला होता. पीएच.डी. सोडत असल्याचं पत्र तयार होतं, फक्त द्यायचं बाकी होतं.

पालघरहून एसटीने केळव्याला गेले. जन्मभर पानमळ्यात राबलेल्या इंदूमावशी, वय सत्तरीच्या पुढे, पडवीत ओली पानं निवडत बसल्या होत्या. दुपारचे तीन वाजलेले, घरात दुसरं कोणी नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारायला लागले. काम आवडतं? व्हय. त्रास होतो? नाय. पाठ दुखते? नाय — आणि हे म्हणताना बाईंचा हात कमरेवर! सरकारी माणूस दारात आला की देतात तशी उत्तरं. चाळिसावा प्रश्न संपला तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. कागद पिशवीत कोंबले आणि गप्प बसले.

मावशींचे हात चालूच होते. थोड्या वेळाने त्या आपणहून बोलायला लागल्या. मळ्यात पहिल्यांदा कधी आल्या, ते सांगितलं आणि थांबल्या. मग काम कोणी शिकवलं ते — सासूने नाही, शेजारणीने. पुन्हा थांबल्या. प्रत्येक वेळी मान थोडी कलती करायच्या, माझ्या डावीकडच्या रिकाम्या पाटाकडे. तिसऱ्या उत्तराला माझ्या लक्षात आलं. हे माझे प्रश्न होते. मी खोडलेले, त्याच क्रमाने.

पाच झाले. सहाव्याआधी त्या बराच वेळ थांबल्या.

“सोडायचं लय वेळा मनात आलं गो,” त्या म्हणाल्या. “पण तुला ऱ्हायचं हाय का जायचं, ह्ये आमाला कोणी इचारलंच नाय. इचारलं असतं तर गेली असती मी.”

मी म्हटलं, मावशी, हे आत्ता तुम्हाला कोण विचारतंय?

त्या वैतागल्या. “तूच ना? मगापासून एकामागून एक इचारतेस.”

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. उत्तरं आहेत. मधल्या थांब्यांत कावळे आहेत, विहिरीवरची मोटर आहे, माझा आवाज नाही. नवरा म्हणतो, तू पुटपुटली असशील. अहो, माझा श्वास ऐकू येतोय त्यात, मग पुटपुटणं कसं नाही येणार? त्या थांब्यांत मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचून पाहिला. पाचही बरोब्बर बसले. सहावा मला वाचवला नाही.

ते पत्र मी दिलं नाही. मावशींना कोणी विचारलं नव्हतं; मला निदान त्या पडवीत कोणीतरी विचारलं होतं, राहायचं की जायचं, आणि मला राहायचं होतं. मॅडमना रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाल्या, “प्रश्नच नाही, तर हे उत्तर धरायचं कसं?” सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. मग त्यांना पटवून पद्धत बदलली, प्रश्नावली रद्द केली, पंधरा दिवसांत बाकीच्या बायकांशी मोकळं बोलले. त्यांच्याकडे असं काही घडलं नाही. सगळे प्रश्न मला माझ्याच तोंडाने विचारावे लागले.

आता प्रबंध छापायला द्यायचाय. प्रत्येक मुलाखतीखाली ‘मुलाखत घेणारी’ अशी एक ओळ असते. इंदूमावशींच्या पानावर मी माझं नाव घातलंय. ते खोटं आहे की खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.