कुत्रं रडलं की बाहेर यायचं

आमच्या गल्लीत कुत्रं रडलं की लोक घराबाहेर यायचे. लातुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, बाहेरच्यांना सांगावं लागतं. भूकंप झाला त्या रात्री कुत्री रडत होती, असं किल्लारीकडचा जो तो सांगतो. त्यात खरं किती आणि मागाहून जोडलेलं किती, देव जाणे. पण भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेल्यावरही कुत्र्याचा हेल कानावर आला, की बायका गॅस बंद करून, लेकरांच्या बखोटीला धरून रस्त्यावर उभ्या राहत. आणि त्या वर्षी रडणारं कुत्रं आमचं होतं.

कुत्रा तसा आमच्या मुलीचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती क्लास, टेस्ट आणि पुन्हा क्लास एवढंच करत होती, आणि हा तिच्या टेबलाखाली तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडलेला असायचा. मग तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. आम्ही गल्लीभर पेढे वाटले. तिची ट्रंक गाडीत चढवताना कुत्रा शेपूट हलवत मागेपुढे करत होता. ती पाच-सहा वर्षांसाठी चालली आहे, हे त्याला कुणी कसं सांगणार?

मी शाळेत शिक्षिका, नवरा साखर कारखान्यात. घराला कुलूप लागलं की कुत्र्याचं रडणं सुरू व्हायचं, ते आम्ही परत येईपर्यंत. दाराची चौकट त्यानं नखांनी उकरून काढली, नखांतून रक्त यायचं. उंबऱ्याशी मुतलेलं असायचं. मुलीची घरात राहिलेली एक चप्पल त्यानं चावून चोथा केली. मला त्याचा भयंकर राग आला. लाडावून ठेवलं की असंच होतं, असं मी नवऱ्याला ऐकवलं. त्यानं कुत्र्याला बांधून पाहिलं, तर दोरी तोडण्याच्या नादात त्यानं मान सोलून घेतली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. कुणी दर्ग्यातून ताईत आणून दिला, तोही गळ्यात बांधला. ताईत घालून कुत्रा तेवढ्याच जोरात रडला.

हळूहळू गल्लीतल्या बायका बाहेर यायच्या थांबल्या. मास्तरीणबाईंचंच कुत्रं आहे म्हणून त्या टीव्हीचा आवाज वाढवू लागल्या. फक्त शेजारच्या मावशी येत राहिल्या. भूकंपात त्यांचा नवरा आणि दोन्ही लेकरं दगडमातीच्या घराखाली गेली होती, त्या तेवढ्या निघाल्या. काही वर्षांनी भाच्यानं त्यांना आपल्याकडे आणलं होतं. आमचा कुत्रा रडायला लागला की त्या समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जाऊन बसत. भिंत नको आणि झाडही नको, म्हणून अगदी मधोमध, उन्हात. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस त्या तिथंच चक्कर येऊन पडल्या.

संध्याकाळी भाचा आमच्या दारात आला. आवाज न चढवता म्हणाला, "बाई, कुत्रं तरी घालवा, न्हाईतर मी आत्याला गावाकडं नेऊन सोडतो. सरकारनं तिला घर दिलंय, रिकामंच पडून हाय. ती हितं उन्हात मेली तर लोक मलाच बोलतील."

पुनर्वसनाच्या त्या गावात, रिकाम्या घरात, ही एकटी बाई. कुत्रा कुठं सोडून यावा, तर तो सोडून जाण्यालाच भ्यायला होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. म्हशी-शेळ्यांच्या रांगेत आम्हीच दोघं शहाणे.

डॉक्टर तरुण होते, हसले नाहीत. कुत्रा माजलेला नाही, घाबरलेला आहे, म्हणाले. घरातून गेलेलं माणूस परत येत नाही अशी त्याची समजूत झाली आहे, मारलंत किंवा बांधलंत तर ती आणखी पक्की होईल. निघताना काय करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आपल्याकडे करतात तेच. 'जाते' म्हणायचं नाही म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून 'येते रे' म्हणते. ते आधी बंद करा, म्हणाले. तो शब्द ऐकला की आता कुलूप लागणार, हे त्याला कळतं. निघण्याआधी भरपूर फिरवून आणा, मुलीचा वापरलेला कपडा अंथरूण म्हणून द्या, आणि जाण्याची सवय थोडी थोडी लावा. ती लागेपर्यंत त्याला एकटं ठेवू नका.

मग आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. मी चपला घालायची, पर्स खांद्याला लावायची, किल्ल्या खुळखुळवायची आणि परत खुर्चीत बसायची. कुत्रा आधी थरथरायचा, मग नुसता बघायचा, पुढं पुढं कंटाळून जांभई द्यायला लागला. त्यानंतर दाराबाहेर जाऊन लगेच आत. मग फाटकापर्यंत, मग किराणा दुकानापर्यंत. नवरा म्हणाला, शेजारचे आता तुझ्यासाठीही ताईत आणतील. पण चौकट उकरणं कमी झालं होतं.

प्रश्न शाळेच्या वेळेचा होता. मी मावशींना म्हटलं, तसंही तुम्ही बाहेरच बसता, तर आमच्या स्कूटरच्या शेडमध्ये बसा, वर पत्राच आहे. स्लॅबखाली त्या नाइलाजानं झोपत. पत्र्यावर मात्र त्यांचा विश्वास होता, कारण भूकंपानंतरची पहिली वर्षं त्यांनी पत्र्याखालीच काढली होती. त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि बसल्या. मी घराचं दार उघडं ठेवून गेले. दुपारी आले तेव्हा मावशी शेंगा फोडत होत्या आणि कुत्रा त्यांच्या पदरावर झोपला होता.

तो हिवाळा बरा गेला. कुत्रा रडेना, मावशी प्लॉटवर जाईनात. भाचाही काही बोलेना. एकदा चहा घेता घेता मावशींनी सांगितलं, की भूकंपाच्या रात्री त्यांचं स्वतःचंच कुत्रं अंगणात रडत होतं. नवऱ्यानं उठून त्याला काठीनं हाकललं आणि लेकरांना म्हणाला, झोपा आता. एवढं सांगून त्यांनी कप विसळून ठेवला.

उन्हाळ्यात भाच्यानं घरावर मजला चढवायला काढला. जूनमध्ये क्लासची पोरं खोल्या शोधत येतात, गल्लीतलं घर न् घर वसतिगृह होत चाललं होतं. खालच्या खोलीत मेस काढायची होती आणि ती खोली मावशींची होती. माणूस वाईट नव्हता. हे लिहिताना मला राग येतो, पण नव्हता. मी त्याला म्हटलं, मावशी आमच्याकडे राहू देत. तो खाली मान घालून म्हणाला, भाचा जिवंत असताना आत्या परक्याच्या घरी राहिली तर लोक तोंडात शेण घालतील. गावाकडं सरकारी घरात राहिली तर कुणी काही म्हणणार नव्हतं.

मावशी गेल्या आणि कुत्र्यानं भाकरी सोडली. आम्ही कुलूप लावलं की तो पुन्हा रडू लागला. आता बाहेर कुणीच येत नव्हतं. गल्लीत नवी पोरं आली होती, नांदेडची, नायगावची, कंधारची. त्यांना ते नुसतं कुत्रं वाटायचं, आणि अभ्यास होत नाही म्हणून ती खिडक्या लावून घेत.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी आम्ही जीप करून कुत्र्याला घेऊन त्या गावी गेलो. त्याला मावशींकडेच ठेवावं, दोघांनाही बरं, असं मी मनाशी ठरवलं होतं. रुंद, सरळ रस्ते आणि एकसारखी सरकारी घरं. जवळपास प्रत्येक पक्क्या घरापुढं पत्र्याचं शेड होतं आणि झोपायच्या बाजा त्या शेडमध्ये होत्या. मावशी फार वाळल्या होत्या. कुत्र्यानं त्यांना असं काही वेढून टाकलं की त्या खालीच बसल्या. त्यांनी त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली आणि त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. मी माझा बेत सांगितला.

त्यांनी बराच वेळ त्याच्या कानामागं खाजवलं. मग म्हणाल्या, "नको बाई. मी आता किती दिसाची? मी गेल्यावर ह्यो मढ्यापाशी बसून रडंल, आन् हितं कुणाला कळायचं बी न्हाई. न्या त्याला."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी नवऱ्यानं कुत्र्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि गाडी सुरू झाली, तसा तो रडला. इतक्या दिवसांत तसा कधी रडला नव्हता.

दारं उघडली. एका घराचं, मग पुढच्याचं, मग सगळ्या आळीचं. म्हातारी माणसं, बायका, पोरांना कडेवर घेतलेल्या सुना, सगळे भराभर रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागली. सगळे पायाखाली बघत होते.

मावशी त्यांच्यात शिरल्या. एकेकाच्या खांद्याला हात लावून सांगत होत्या, "काही न्हाई हो, जमीन न्हाई हलायची. आपलं माणूस सुटलं म्हणून रडायलंय. जावा आत."

लोक एकेक करून आत गेले. मावशी तिथंच उभ्या राहिल्या, आणि आम्ही कुत्र्याला घेऊन निघालो.