दाजींचं कायम होणं

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, एकोणीस वर्षं कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉलचे कोच होते आणि एकोणीस वर्षं हंगामीच होते. दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि दाजी प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर ताटकळत बसायचे. मी तिथेच क्लार्क. सामने असले की स्कोअरशीट लिहायला मलाच बसवत.

दाजींबद्दल चांगलं बोलायचं तर शोधावं लागतं. पळता पळता एखादी ओकली तर तिच्यासमोर फडकं टाकून म्हणायचे, "पूस आणि लाइनवर ये." एका जाड मुलीला ते 'पिंप' म्हणायचे आणि ती रडली की 'पिंपाला गळती लागली' म्हणून बाकीच्यांना हसवायचे. मीही हसलोय. टीम जिंकायची, त्यामुळे सगळे मिठाची गुळणी धरून बसत.

त्यांची मुलगी, माझी भाची, हिला घरात बारकी म्हणतात. आता ती बापापेक्षा वीतभर उंच आहे. दाजींनी तिला टीममध्ये घेतलं आणि दोन वर्षं बाकावर बसवलं. घरच्या मुलीला पुढे केलं असं कुणी म्हणू नये, करार जाऊ नये, एवढंच कारण. तिसऱ्या वर्षी तिने दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि तिथे कॅप्टन झाली. दाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं.

त्याच वर्षी कोचची एक जागा कायम व्हायची होती. प्राचार्य दाजींना म्हणाले, "फायनल जिंका, तुमचं नाव पाठवतो. नाहीतर माझ्या हातात काही नाही." फायनलला समोर बारकीचं कॉलेज आलं.

चार सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि बारकीला दोन फ्री थ्रो मिळाले, प्रत्येकी एका गुणाचे. ते रेषेवर एकटीने उभं राहून मारायचे, मध्ये कुणी येत नाही. मोसमभरात तिचे फार तर पाच चुकले असतील. हॉल शांत झाला.

तेव्हा दाजी मोजायला लागले. मोठ्याने नाही, संथ. "एक... दोन... तीन..."

बारकी नऊ वर्षांची असताना दाजींनी तिला घरामागच्या रिंगवर हेच शिकवलं होतं. लागोपाठ दहा पडल्याशिवाय जेवण नाही. ते असंच मोजायचे, चुकला की पुन्हा एकपासून. एकदा नववा चुकला आणि तिला उभ्या उभ्या लघवी झाली. दाजींनी तिला तशीच उभी ठेवून पुन्हा "एक" म्हटलं होतं. हे आम्हा घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं.

पंचाने एकदा वळून पाहिलं. नुसते आकडे, त्याला काय कळणार. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर गेला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

उरलेले चार सेकंद संपले आणि आमच्या मुलींनी दाजींना खांद्यावर घेतलं, त्यात पिंपही होती. बारकी घामाने निथळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, बाबा मोजत होते ना? आमच्या कोच मॅडम पलीकडच्या बाकावर होत्या, त्यांना ऐकू आलं नाही. त्या तक्रार करायला तयार आहेत, पण कुणीतरी ऐकलेलं पाहिजे. पंच कानावर हात ठेवतात आणि बाबांच्या टीममधल्या मुली बोलणार नाहीत. तू शेजारीच बसला होतास."

एकोणीस वर्षं टांगणीला लागलेला बहिणीचा संसार माझ्या डोळ्यांसमोर आला. मी पेनाला टोपण लावलं.

"कुणी मोजत नव्हतं गं," मी म्हणालो. "तुला भास झाला असेल."

लहानपणापासून मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, म्हणून तिने ते खरं मानलं.

"मग माझंच डोकं ठिकाणावर नाही," ती म्हणाली आणि बापाचं अभिनंदन करायला गेली. दाजींनी वर्षभरानंतर पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एकाग्रता कमी पडली तुझी," ते म्हणाले. "घरी ये, शिकवतो."