बिब्याची भिंत

लग्न होऊन केशोरीकडच्या सासरी आले, तेव्हा परसाला लागूनच तलाव होता. दिसायला सुरेख, पण पावसाळ्यात तलावावरून येणारी झड थेट घराच्या मागच्या मातीच्या भिंतीवर आदळायची. सासूबाई पावसाआधी भिंत लिपायच्या, पाऊस ती धुऊन न्यायचा, त्या पुन्हा लिपायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी मातीचं टोपलं सासऱ्यांसमोर आणून ठेवलं.

"यंदा मी नाही लिपत जी. तुमचा तलाव, तुमची भिंत."

"काऊन? काय झालं?"

"कंबर गेली, अजून काय होईल?"

सासरे हट्टी. सुताराला बोलावून त्यांनी भिंतीला बाहेरून ऐनाच्या लाकडाच्या फळ्या ठोकवल्या. वरची फळी खालचीवर जरा चढलेली, म्हणजे पाणी निथळून जावं. वाळवी लागू नये म्हणून हाताला फडकं गुंडाळून स्वतः बिब्याचं तेल चोपडलं.

"आता या भिंतीले जन्मभर हात लावाचं काम नाही!" ते गावभर सांगत सुटले.

आठवड्याभरात नणंदेचे यजमान पाहुणे आले. जेवल्यावर वाऱ्याला म्हणून परसात गेले आणि उघड्या पाठीनं त्याच भिंतीला टेकून झोपले. सकाळी बिबा उतून पाठीवर असे फोड आले की अंगात सदरा जाईना. जावई खाटेवर पालथे पडून विव्हळत होते, "मामाजी, घर बांधलं का सापळा लावला?" सासूबाई तीळ वाटून पाठीला लेप देत होत्या आणि पदराआड हसत होत्या. समाचाराला आलेले लोक आधी जावयाची पाठ बघत, मग परसात जाऊन लांबूनच भिंत.

सासऱ्यांनी मग भिंतीपुढं बांबूचं कुंपण घातलं. सासूबाईंनी विचारलंच, "म्हणजे आता भिंतीपासून मानसं वाचवाची?"

पण पावसाळाभर भिंत आतून कोरडी राहिली. लिपायचं काम उरलं नाही, तशा सासूबाई सालेकशाला माहेरी निघाल्या.

"कवा येशील?" सासऱ्यांनी विचारलं.

"भिंत पडली का सांगावा धाडजा."

भिंत कसली पडते! सासरे रोज कुंपणाबाहेरून ती न्याहाळायचे आणि माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायचे. शेवटी कंटाळून स्वतःच सालेकशाला गेले. धान कापणीपर्यंत तिथंच राहिले, आणि दोघंही सोबतच परत आले.