सांध्यावरचे तीन ठोके

आमच्या गल्लीतला मिस्त्री मारकुटा होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच त्याला संत करण्यात अर्थ नाही. माझं टायरचं दुकान त्याच्या गॅरेजला भिंतीला भिंत लागून, त्यामुळे टायर फुटल्याचा आवाज आणि कानाखाली वाजल्याचा आवाज यांतला फरक मला झोपेतही कळतो. एका गिऱ्हाइकाने कामात खोट काढली, तर याने त्याचं डोकं त्याच्याच बॉनेटवर आपटलं. नंतर रक्त पुसून बॉनेटला पॉलिश करून दिलं, तेही फुकट. मार खाल्ल्याशिवाय हात बसत नाही, असं त्याचं ठाम मत. त्याच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात हुशार माणूस त्याने जावई करून घेतला. त्या जावयाच्या भुवईवरची खाच मिस्त्रीच्या पान्याची आहे.

मिस्त्रीची एकुलती एक लेक शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. एका सकाळी मुलांना सोडून ती थेट गॅरेजवर आली. स्टिअरिंग जड झालंय, वळताना मध्येच अडकतंय, म्हणाली. पुलाच्या वळणावर व्हॅन कठड्याला घासली होती आणि तेव्हा आत मुलं होती. मिस्त्रीने लेकीला कधी जवळ घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. बाह्या सारून कामाला लागला.

आधी मला हाक मारली. चारही चाकांत हवा बरोबर होती. स्टिअरिंगचं तेल भरलेलं, पट्टा ताणलेला. मग त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली. वजन गेल्यावर स्टिअरिंग हलकं झालं असतं तर टायरवर संशय घेता आला असता, पण ते हवेतही तितकंच जड. त्याने स्टिअरिंगपासून खाली चाकांकडे जाणारा दांडा खालून सोडवला आणि चाकं हाताने ढकलली. ती सहज इकडून तिकडे फिरली, म्हणजे खालचं सगळं ठीक. वरून स्टिअरिंग फिरवलं, तर एका फेरीत दोनदा घट्ट, दोनदा मोकळं. म्हणजे दांड्याचा सांधा आखडला होता. सांध्याच्या वर आणि खाली खडूने खुणा करून त्याने तो काढला आणि उजेडात नेऊन उलटसुलट पाहिला.

सांध्यावर हातोडीचे तीन ठोके होते, एकाशेजारी एक, ताजे, चकाकणारे. गंजलेला सांधा मोकळा करायला असे तीन ठोके घालायचे, ही मिस्त्रीचीच रीत. इथे तेच ठोके उलट्या बाजूने घालून चांगला सांधा आवळला होता.

व्हॅनला हात कोणी लावला, असं त्याने लेकीला विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "ह्यांनीच. मी व्हॅन सोडावी म्हणून मागे लागलेत. म्हणाले, जड जाईल तेव्हा आपोआप सोडशील."

जावयाचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. मिस्त्री सांधा मुठीत धरून निघाला. मी मागे धावलो, आवरायला म्हणून, पण ती पोरं पुलावरून खाली गेली असती या विचाराने माझंही डोकं फिरलं होतं. त्याला चार लागाव्यात असंच मला वाटत होतं.

मिस्त्रीने जावयाला पाय धरून गाडीखालून ओढला आणि तोच सांधा त्याच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर पडले. जावयाने हाताला लागलेली पहार फिरवली, ती मिस्त्रीच्या बरगड्यांवर बसली. मिस्त्री वाकला आणि वाकलेलाच त्याच्या अंगावर गेला. सांधा कुठेतरी उडाला. गळा धरून त्याला गाडीला दाबलं आणि बुक्क्या घालत सुटला. जावयाने मान चुकवली तशी एक बुक्की दाराच्या खांबावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तरी हा डाव्या हाताने मारतच होता.

जावई रक्त थुंकत म्हणाला, "मामा, तीन ठोके तुम्हीच शिकवलेत."

मिस्त्रीने त्याचं डोकं दारावर आपटलं. परत आपटलं. माणूस हातचा गेलाच असता, पण मागून लेक आली. ती ओरडली नाही.

"बाबा, याला सरळ करून नकोय मला. मी त्या घरात परत जाणार नाही. व्हॅन तेवढी सरळ करून द्या. दुपारी मुलं आणायची आहेत."

गॅरेजवर परतेपर्यंत मिस्त्रीचा हात मनगटापर्यंत सुजला होता, पण दवाखान्याचं नाव काढू देईना. नवा सांधा मी आणून दिला. मार खाऊन खाऊन सगळे कारागीर कधीच पळाले होते, म्हणून लेकच व्हॅनमध्ये स्टिअरिंगखाली आडवी झाली आणि मिस्त्री दाराशी स्टुलावर बसून सांगू लागला. चाकं सरळ आहेत ना बघ. खूण खुणेला जुळव. आधी वरचा बोल्ट, मग खालचा. तो न ओरडता कोणाला शिकवतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

खालचा बोल्ट तिच्या तेलकट बोटांतून निसटला आणि ब्रेकच्या पेडलमागे घरंगळला. मिस्त्रीने घाम पुसायला हात वर केला, एवढंच. तिने दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली, गुडघे पोटाशी ओढले आणि डोळे घट्ट मिटले.

ही सवय तिला नवऱ्याने लावलेली नव्हती. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला असंच आकसताना बघत आलोय. मिस्त्रीलाही ते कळलं. मोडलेला हात त्याने पाठीमागे घेतला.

"उचल बाळा. मी लांब बसतो," तो म्हणाला, आणि स्टूल ओढत माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत मागे आला.