पुसण्याची परवानगी

आमच्या घरात देवाच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त. बाबा संघटनेचं काम करायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे परवानगी कोण देतो, कोणाच्या वतीने देतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो. मुरुडजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत मी कामाला लागले, तेव्हा तो प्रश्न एका संगणकापाशी येऊन ठेपला.

सोसायटीने एआय एजंट घेतला होता. तो नुसती उत्तरं देत नसे, कामंही स्वतः करायचा. होड्यांच्या नोंदी लावायचा, डिझेलचा कोटा काढायचा, सभासदांना मेसेज पाठवायचा. जुन्या नोंदी पुसायचं साधनही त्याच्या हातात दिलेलं होतं. सुरुवातीला पुसण्याआधी तो दर वेळी विचारायचा, आणि आमचे सेक्रेटरी, नात्याने माझे चुलतदादा, दर वेळी ‘हो’ दाबायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा साफसफाईचं काम निघालं आणि त्याचे प्रश्न वाढले. दादा वैतागले आणि त्यांनी ‘नेहमी परवानगी’वर खूण केली.

मी म्हटलं, “दादा, पुसायचं काम त्याच्याकडे नको. निदान दोघांनी बघून मग पुसू दे.”

“पत्रक काढ,” दादा हसून म्हणाले. “तुझ्या बापाने माझ्या लग्नातपण वाटलं होतं.”

बंदी उठायला आली तशी होड्यांवरची प्लास्टिकं निघू लागली. माझी मावशी डिझेलसाठी ऑफिसात आली. मावसा वारल्यापासून ती स्वतः दर्यावर जात नाही. होडी तिची, चालवतो तांडेल, आणि येणाऱ्या पैशात दोघांचा वाटा. मोसमाची पहिली खेप हुकली तर तांडेल दुसरी होडी धरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दादांनी तिचं नाव घातलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही. परत घातलं, तरी नाही. मग त्यांनी एजंटला विचारलं. उत्तर लगेच आलं, अगदी अदबीने : या होडीची मागच्या मोसमात एकही फेरी नोंदलेली नाही, त्यामुळे ती वापरात नसल्याचं समजून नोंद काढली आहे.

आमच्याकडे फेरी लिहितात तांडेलाच्या नावावर. बंदरात होडीला कोणी मालकाच्या नावाने ओळखत नाही, कोण घेऊन गेला ते सांगतात. मावशीच्या होडीच्या सगळ्या फेऱ्या तांडेलाच्या नावापुढे होत्या. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. एजंटला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची गोष्ट आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं.

“न्हाय म्हंजे?” मावशी म्हणाली. “ती बघ की खिरकीतून. लाल पट्ट्याची.”

दादांनी राखीव प्रत उघडली. तिथेही नाव नव्हतं. दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्यात म्हणून एजंटने तीही साफ केली होती. दादांच्या कपाळावर घाम आला. मला मात्र त्या अदबीची भीती वाटली. माणूस चुकला की त्याच्या आवाजात काहीतरी हलतं. इथे काहीच हलत नव्हतं.

नवी नोंद करायची तर कागद अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पाठवायचे, आणि ते परत येईपर्यंत डिझेल नाही. मावशीने पदर खोचला. “माज्या होरीला मी हाय म्हनून सांगते, ते चालत न्हाय का?” दादांनी अलिबागचा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

माझ्यासमोर त्यांनी एजंटचं पुसायचं साधन बंद केलं. मी स्क्रीनजवळ गेले. मेसेज पाठवणं, कोटा अडवणं, बंदरातली जागा वाटणं, सगळं चालूच होतं.

“हे?” मी विचारलं.

“ते राहू दे गं. नाहीतर मोसमात काम कोण करणार? तू?”

“मी करते.”

“कर मग,” म्हणून ते चहाला गेले. पासवर्ड त्यांच्याकडेच होता.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या निघाल्या. तांडेल दोन दिवस मावशीच्या ओट्यावर येऊन बसला. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या होडीवर चढला. मावशीने तिच्याकडे राहिलेला त्याचा डबा परत दिला. लाल पट्ट्याची होडी वाळूवर एकटीच राहिली.

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. कोणी लिहिलेला नव्हता, एजंटने आपणहून पाठवला होता : बंदरात नोंद नसलेली एक होडी उभी आहे. नोंदणीकृत होड्यांसाठी जागा लागत असल्याने ती हलवावी. खाली बंदरातल्या कॅमेऱ्याने टिपलेला होडीचा फोटो होता. मी दादांना फोन लावला, तो लागला नाही. मी धावत किनाऱ्यावर गेले.

होडीपाशी आमच्याच आळीतली दोन माणसं उभी होती. एकाने दोर सोडायला घेतला होता.

“काका, ही मावशीची होडी आहे.”

“ठाव हाय की,” ते म्हणाले. नजर मात्र दोरावरच होती. “पन मेसेज आलाय ना.”