साथीच्या दिवसांतला निधी आणि खरातबाईंची घंटा

आष्टीच्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका श्रीमती सुलोचनाबाई खरात यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात संस्कृतच्या शिक्षकाचा लेख असावा, असे संपादकांना का वाटले, हे अनाकलनीय आहे. बाईंना माझे संस्कृत कधीच मानवले नाही. शाळेत रुजू होताना, प्रथम परिचयातच, मी विद्येच्या माहात्म्यावर त्यांच्यासमोर सविस्तर विवेचन केले. ते त्यांनी उभ्यानेच पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान. आता सहावीच्या वर्गावर जा, सर. तिथं कुणीच न्हाई." त्या दिवसापासून मी त्यांच्या वाक्यांच्या लांबीचा हेवा करीत आलो आहे.

भोकरदनकडच्या एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातून आलेल्या बाईंना मुलींच्या शिक्षणाची केवढी तळमळ, हे सर्वविदित आहे. तिचा उपद्रव किती, हे केवळ सहकाऱ्यांना विदित आहे. आसपासच्या वाड्यांवरच्या मुली सातवीनंतर घरी बसत, कारण आष्टीत राहायला जागा नव्हती. शाळेमागे वसतिगृहाच्या चार भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हते. एका वाडीवरचे शेतकरी किसनराव आपल्या मुलीबद्दल बाईंना स्पष्टच सांगून गेले होते, "पाऊस लागायच्या आत छप्पर झालं तर कांता शाळंत. न्हाई तर मंग तिची सोयरीक करून राह्यलो मी." बाईंनी तत्काळ निधिसंकलनाची सभा जाहीर केली.

नेमकी त्याच सुमारास देशभर फिरणारी डोळ्यांची साथ आष्टीत अवतरली. सभागृहात बसण्यास कोणी तयार होईना, म्हणून बाईंनी सभा बाजारमैदानावर नेली आणि माणसे अंतराअंतराने बसवली. परंतु रोग्याच्या डोळ्यांत पाहिले की रोग उडी मारतो, ही लोकश्रद्धा वैद्यकशास्त्राहून बलवत्तर होती. अखिल सभा अधोमुख बसली. अध्यक्ष, गावचे मोठे जमीनदार आबाराव, हिरवा चष्मा लावून आकाशाकडे पाहत होते.

सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी पहिल्या दात्याचे नाव सालंकार उच्चारले. गृहस्थ उठले, सभोवार पाहिले. त्यांच्याकडे कोणीच पाहत नव्हते. ते खिशातला हात खिशातच ठेवून खाली बसले. दुसऱ्या दात्याने उठण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आमच्याकडे दान हे मुख्यतः चाक्षुष कर्म आहे, हे सत्य मला तेथे उमगले. मी व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागलो. मागच्या रांगेत किसनराव बसले होते, आणि ते कोणत्याही क्षणी उठून जातील असे मला सारखे वाटत होते.

आबारावांनी मार्ग सुचवला. "बाई, तुमच्या वस्तीतून हलगी बोलवा की. दिसत न्हाई तर गावाला ऐकू तरी जाईल."

बाईंचेही डोळे सुजून लाल झाले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "आबा, हलगी आमच्या लोकांनी कधीच खाली ठेवली. शाळेला घंटा आहे. ती मी वाजवीन."

शाळेची घंटा आणून मैदानातल्या लिंबाला टांगली. छपराचा एक पत्रा देणाऱ्याला एक ठोका, असा नियम ठरला. किराणा दुकानदारांचे तीन ठोके गावभर घुमले, आणि डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवून पडलेल्या घराघरांतून चौकशा येऊ लागल्या, की हे तीन कुणाचे? आबारावांनी दोन पत्रे आधीच कबूल केले होते. ते खुर्चीत चुळबुळू लागले. "सर, आमचे दोनच वाजले का?" त्यांनी मला विचारले. मी खेदपूर्वक होकार दिला. मग त्यांचे पाच वाजले.

शेवटी किसनराव पुढे आले. "पत्रा द्यायची ऐपत न्हाई, बाई. छपराच्या कामावर आठ दिवस येतो. आन् सोयरीकवाल्याला न्हाई म्हणून सांगतो. ह्याचे किती ठोके?"

त्या दिवशी प्रथमच बाईंनी कोणाकडे थेट मान वर करून पाहिले. किसनरावांनी नजर चुकवली नाही. बाईंनी हातोडा त्यांच्याकडे दिला. "तुम्हीच ठरवा." त्यांनी एकच ठोका दिला आणि नाद पुरता विरेपर्यंत ते तेथेच उभे राहिले.

दोन दिवसांनी किसनरावांचे डोळे आले. आठ दिवसांचा शब्द त्यांनी त्याच डोळ्यांनी पाळला. छप्पर पावसाआधी झाले. कांता आज अध्यापक विद्यालयात शिकत आहे.

माझेही डोळे यथाकाल आले. तेव्हा बाई रोज शाळा सुटल्यावर बोरिकचे कोमट पाणी घेऊन माझ्या घरी येत आणि म्हणत, "श्लोक नको, सर. डोळे मिटा."

बाई आता निवृत्त होत आहेत. विश्रांती घ्यावी, असे सुचवण्याचे धाडस मी नुकतेच केले. उत्तरादाखल त्यांनी मोजपट्टीचे दुसरे टोक माझ्या हाती दिले. मुलींना आणखी एक खोली हवी आहे. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना. स्वस्थता त्यांना लाभेलसे दिसत नाही, आणि त्या आहेत तोवर ती आम्हांलाही न लाभो.